विश्लेषण : क्वांटम संगणकाला ‘नॉइज’ का छळतो? सात दशकांपूर्वी या प्रश्नाला हात घालणारे जॉन व्हॉन न्यूमन कोण होते?

अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी या संस्थेत एका प्राध्यापकाबद्दल शेजारच्या खोल्यांतून तक्रारी येत असत. हे प्राध्यापक ग्रामोफोनवर जर्मन लष्करी बँडच्या धून मोठ्या आवाजात लावून गणित करत. त्रासलेल्या शेजाऱ्यांमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांचाही समावेश होता. घरी पत्नीने शांत अभ्यासिका तयार करून दिली, तरी ते गजबजलेल्या दिवाणखान्यातच कागद घेऊन बसत. या प्राध्यापकांचे नाव जॉन व्हॉन न्यूमन. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘व्हॉन न्यूमन आर्किटेक्चर’मुळे हे नाव पाठ असते.

आज त्यांची आठवण काढण्याचे कारण मात्र वेगळे आहे. मालवाहू गाड्यांचे मार्ग, गुंतवणुकीची विभागणी, कारखान्यातील कामांचे वेळापत्रक असे अवघड प्रश्न क्वांटम संगणक चुटकीसरशी सोडवतील, असे गेली काही वर्षे सांगितले जाते. प्रत्यक्षात हे संगणक एका जागी अडले आहेत. ती जागा म्हणजे ‘नॉइज’. हा नॉइज गणितात कसा मांडायचा आणि चुकणाऱ्या भागांपासून न चुकणारे यंत्र कसे बनवायचे, या दोन्ही प्रश्नांवर न्यूमन यांनी काम केले होते. पहिल्यावर १९२७ मध्ये आणि दुसऱ्यावर १९५२ मध्ये.

क्वांटम संगणकातील ‘नॉइज’ म्हणजे काय?

इथे नॉइज म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे. जुन्या रेडिओवर स्टेशन नीट न लागल्यास जी खरखर येते, तिच्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. क्वांटम संगणकाचा मूळ घटक म्हणजे क्युबिट. त्याची अवस्था अतिशय नाजूक असते. थोडी उष्णता, भरकटलेली विद्युतचुंबकीय लहर, शेजारच्या क्युबिटचा धक्का किंवा नियंत्रणासाठी दिलेल्या स्पंदातील किंचित फरक, यांपैकी काहीही ती अवस्था बिघडवू शकते.

एक बिघाड छोटा असतो. अडचण होते ती बिघाड साचत जातात म्हणून. समजा, प्रत्येक क्रिया ९९.५ टक्के अचूक आहे. अशा १०० क्रिया केल्यावर एकही चूक न होण्याची शक्यता सुमारे ६१ टक्के उरते. ५०० क्रियांनंतर ती ८ टक्क्यांवर येते आणि १,००० क्रियांनंतर एक टक्क्याच्याही खाली जाते. उपयोगी गणितासाठी मात्र याहून कितीतरी जास्त क्रिया लागतात.

न्यूमन यांचे बालपण कुठे गेले?

न्यूमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरात एका संपन्न ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव यानोश. वडील बँकर होते. १९१३ मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफ यांनी वडिलांना सरदारकी दिली. नावातील ‘व्हॉन’ हा त्याच मानाचा भाग. शाळेत त्यांच्या एक वर्ष पुढे युजीन विग्नर शिकत होते, ज्यांना पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. यानोशची गणितातील गती पाहून शाळेने त्यांच्यासाठी विद्यापीठातील शिक्षकांकडून वेगळ्या शिकवणीची सोय केली.

मुलाने गणितावर पोट भरावे, हे वडिलांना पटत नव्हते. मग घरात तडजोड झाली. मुलाने बुडापेस्ट विद्यापीठात गणिताच्या पदवीसाठी नाव घातले आणि त्याच वेळी आधी बर्लिनमध्ये व नंतर झुरिकच्या ईटीएच संस्थेत रसायनाचा अभ्यास केला. १९२६ पर्यंत त्यांच्या हातात केमिकल इंजिनीअरिंगची पदविका आणि गणितातील डॉक्टरेट, अशा दोन्ही गोष्टी होत्या. पोटासाठी इंजिनीअरिंग आणि आवडीसाठी दुसरे काही, ही मराठी घरांना परिचित असलेली कसरत शंभर वर्षांपूर्वी बुडापेस्टमध्येही सुरू होती.

१९२७ मध्ये त्यांनी काय मांडले?

त्यानंतर न्यूमन जर्मनीतील गॉटिंगेन येथे डेव्हिड हिल्बर्ट या ज्येष्ठ गणितज्ञांकडे गेले. त्या काळात क्वांटम सिद्धांत नुकताच जन्मला होता. हायझेनबर्ग यांची मांडणी एक, तर श्रोडिंगर यांची दुसरी. न्यूमन यांनी या सगळ्याला एकच भक्कम गणिती चौकट दिली. १९२७ मध्ये त्यांचे यावरचे शोधनिबंध आले आणि १९३२ मध्ये ग्रंथ.

याच कामात ‘डेन्सिटी मॅट्रिक्स’ ही संकल्पना आली. सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह लांडाऊ हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथे पोहोचले होते. ही संकल्पना समजायला सोपी आहे. क्वांटम वस्तूची अवस्था आपल्याला पूर्ण माहीत असेल, तर ती ‘शुद्ध’ अवस्था. ती या अवस्थेत आहे की त्या, याबद्दल आपणच साशंक असू, तर ती ‘मिश्र’ अवस्था. डेन्सिटी मॅट्रिक्स या दोन्ही प्रकारची अनिश्चितता एकाच तक्त्यात मांडते. त्यातील एक अनिश्चितता निसर्गाची, तर दुसरी आपल्या अज्ञानाची.

मिश्रण किती झाले, हे मोजण्यासाठी न्यूमन यांनी एक मापही दिले. आज त्याला ‘व्हॉन न्यूमन एंट्रॉपी’ म्हणतात. शुद्ध अवस्थेसाठी हे माप शून्य येते. अवस्था पूर्णपणे विस्कटली, म्हणजे सगळी उत्तरे सारख्याच शक्यतेची झाली, की ते कमाल पातळीला पोहोचते. त्या वेळी क्वांटम संगणक ही कल्पनाही कुणाच्या डोक्यात नव्हती. पण आज प्रयोगशाळेत क्युबिटला किती नॉइज लागला, हे लिहून काढताना शास्त्रज्ञ याच मॅट्रिक्सचा आणि याच मापाचा आधार घेतात.

न्यूमनही चुकत होते. क्वांटम सिद्धांतामागे दडलेली आणखी कोणतीही निश्चित यंत्रणा असू शकत नाही, असा पुरावा त्यांनी आपल्या १९३२ च्या ग्रंथात दिला होता. ग्रेटे हर्मान या जर्मन अभ्यासक महिलेने १९३५ मध्ये त्यातील कच्चा दुवा दाखवला, पण त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९६६ मध्ये जॉन बेल यांनी पुन्हा तेच दाखवले, तेव्हा कुठे ही बाब सर्वमान्य होऊ लागली.

गणितज्ञ संगणकाकडे कसा वळला?

१९३० मध्ये न्यूमन प्रिन्स्टनला आले आणि १९३३ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक झाले. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. युरोपात परतण्याचा रस्ता बंद झाला आणि १९३७ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. पहिली पत्नी मारिएट यांच्याशी घटस्फोट झाल्यानंतर १९३८ मध्ये त्यांनी क्लारा दान यांच्याशी विवाह केला.

दुसऱ्या महायुद्धात ते लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचे सल्लागार होते. प्लुटोनियमचा गोळा सर्व बाजूंनी एकाच क्षणी दाबण्यासाठी स्फोटकांची रचना कशी हवी, हे गणित त्यांच्याकडे होते. जपानमधील कोणती शहरे लक्ष्य करायची, हे सुचवणाऱ्या समितीतही ते होते. पुढे त्यांनी हायड्रोजन बॉम्बलाही ठाम पाठिंबा दिला. त्यांच्या कामाचा हा भाग वगळून त्यांचे चरित्र सांगता येत नाही.

या कामासाठी अवाढव्य आकडेमोड लागे. ऑगस्ट १९४४ मध्ये मेरिलँड राज्यातील ॲबरडीन रेल्वे स्थानकाच्या फलाटावर त्यांची हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याशी गाठ पडली. बोलण्यात ‘एनिॲक’ या तयार होत असलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा उल्लेख आला. पुढच्या काही महिन्यांतच न्यूमन त्या गटात मिसळून गेले.

जून १९४५ मध्ये त्यांच्या एकट्याच्या नावाने एक अहवाल फिरला. सूचना आणि माहिती एकाच मेमरीत ठेवणाऱ्या संगणकाची रचना त्यात होती. आजच्या मोबाइलपर्यंत हीच रचना चालत आली आहे. मात्र एनिॲक बांधणारे अभियंते प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉक्ली यांना आपले श्रेय डावलले गेल्याची खंत कायम राहिली.

एनिॲकमध्ये सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. साधारण दोन दिवसांत त्यांतली एखादी निकामी होई. एक ट्यूब गेली की गणित बिघडे. प्रिन्स्टनमध्ये न्यूमन यांनी स्वतःचे यंत्र बांधायला घेतले, तेव्हाही तीच गत झाली. टीव्हीच्या पडद्यासारख्या ४० नळ्यांच्या काचेवर विद्युतभाराचे ठिपके ठेवून त्याची मेमरी चाले. एकूण साठवण सुमारे ५ किलोबाइट, म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या एका स्टिकरपेक्षाही कमी. आसपासच्या विद्युत गडबडीने हे ठिपके बिघडत. नॉइज हा न्यूमन यांच्यासाठी कागदावरचा प्रश्न नव्हता. त्यांच्या अभियंत्यांची तर ती रोजची डोकेदुखी होती.

नॉइज कधी उपयोगीही पडतो का?

हो. ही बाजूही न्यूमन यांच्याच वर्तुळात पुढे आली. १९४६ मध्ये त्यांचे मित्र स्टॅनिस्लाव उलाम आजारातून बरे होताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढणे अवघड होते. त्याऐवजी भरपूर डाव खेळून मोजले तर, असा विचार त्यांना सुचला. न्यूमन यांनी १९४७ मध्ये ही कल्पना अणुस्फोटातील न्यूट्रॉनच्या गणितासाठी पद्धतशीर मांडली. तिला ‘माँटे कार्लो’ असे नाव पडले. १९४८ मध्ये एनिॲकवर ही गणिते चालवण्यासाठीचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांमध्ये क्लारा व्हॉन न्यूमन या प्रमुख होत्या.

१९५३ मध्ये लॉस अलामोसच्या निकोलस मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीला नवे वळण दिले. त्यावर आधारून १९८३ मध्ये आयबीएममधील संशोधकांनी ‘सिम्युलेटेड ॲनीलिंग’ ही ऑप्टिमायझेशनची, म्हणजे असंख्य पर्यायांतून उत्तम पर्याय निवडण्याची पद्धत मांडली. डोंगराळ मुलुखात सर्वांत खोल दरी शोधायची आहे, असे समजा. नुसते उताराने चालत राहिलो, तर पहिल्याच खड्ड्यात अडकू. मधूनमधून मुद्दाम धक्का दिला, तर खड्ड्यातून बाहेर पडता येते. हा धक्का म्हणजे मोजून दिलेला नॉइज. सुरुवातीला जास्त, मग हळूहळू कमी.

क्वांटम संगणकातील नॉइज आणि हा नॉइज यांतला फरक इथेच आहे. एक डॉक्टरने मोजून दिलेल्या औषधासारखा असतो. दुसरा आपल्या हातात नसतो आणि गणित जितके लांबते तितका वाढत जातो.

१९५२ च्या व्याख्यानांत काय होते?

जानेवारी १९५२ मध्ये न्यूमन यांनी कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत पाच व्याख्याने दिली. विषय होता, भरवशाच्या नसलेल्या भागांपासून भरवशाचे यंत्र कसे बांधायचे. तोवर अभियंते यंत्रातील चुकीकडे अपघात म्हणून पाहत. चांगली ट्यूब बसवली की चूक जाईल, असा त्यांचा हिशेब. न्यूमन यांनी तो उलटा केला. चूक कायमची राहणार, असे धरूनच तर्कशास्त्र बांधायचे.

पहिली युक्ती बहुमताची. एकच काम तीन भागांना द्यायचे आणि दोघांचे जे उत्तर असेल ते घ्यायचे. प्रत्येक भाग शंभरात एकदा चुकत असेल, तर बहुमत दहा हजारांत सुमारे तीनदाच चुकते. पण मते मोजणारा भागही चुकू शकतो. त्याचे काय? न्यूमन यांचे खरे गणित इथून सुरू होते.

त्यातून जे निघाले, ते आजही या विषयाचा कणा आहे. चुकीचे प्रमाण एका मर्यादेच्या खाली असेल, तर भाग वाढवत नेऊन यंत्र हवे तितके भरवशाचे करता येते. मर्यादेच्या वर असेल, तर कितीही भाग जोडले तरी फायदा नाही. तीनपैकी बहुमत घेणारा भाग सहांत एकदा किंवा त्याहून जास्त चुकत असेल, तर शेवटी उत्तर नाणेफेकीसारखे होऊन जाते.

किंमतही त्यांनी सांगितली. २,५०० ट्यूबचे यंत्र सरासरी आठ तास चुकू नये, अशी अपेक्षा आहे आणि सुटे भाग दोनशेत एकदा चुकतात, असे धरले. या उदाहरणात एका तारेच्या जागी सुमारे १४ हजार तारांची जुडी लागते, असे त्यांचे उत्तर आले. तत्त्व सिद्ध झाले, पण बिल परवडणारे नव्हते. पुढे ट्रान्झिस्टर आणि चिप इतके भरवशाचे निघाले, की नेहमीच्या संगणकांना हा खटाटोप फारसा करावाच लागला नाही. हे काम काही दशके बाजूला पडले.

अखेरचे दिवस कसे होते?

१९५५ मध्ये न्यूमन अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांना कर्करोग झाल्याचे आणि तो हाडांत पसरल्याचे निदान झाले. १९५६ च्या सुरुवातीला अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडून पदक स्वीकारताना ते चाकाच्या खुर्चीत होते. एप्रिलपासून त्यांचा मुक्काम वॉशिंग्टनमधील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात होता. कॅलटेकची व्याख्याने त्याच वर्षी छापून आली. येल विद्यापीठासाठी ते संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारी व्याख्याने लिहीत होते. मेंदूतील पेशी संगणकाच्या भागांइतक्या नेमक्या नसतात, तरी त्यांचे एकत्रित काम भरवशाचे कसे ठरते, हा प्रश्न त्यांना अखेरपर्यंत सुटत नव्हता. ती व्याख्याने अपुरी राहिली आणि १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आली.

आजाराने त्यांची बुद्धी क्षीण होत गेली. मोठमोठे गुणाकार मनात करणारे न्यूमन रुग्णालयात मुलीला, मरीनाला, आपली परीक्षा घ्यायला सांगत. सात अधिक चार किती, अशा पातळीचे ते प्रश्न असत. मरीना यांनी पुढे आठवण सांगितली, की काही मिनिटांत त्यांना ते सहन झाले नाही आणि त्या खोलीबाहेर निघून गेल्या. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी न्यूमन यांचे निधन झाले.

बहुमताची युक्ती क्वांटममध्ये थेट का चालत नाही?

बहुमतासाठी एकाच उत्तराच्या प्रती लागतात. क्वांटम अवस्थेची तंतोतंत प्रत काढताच येत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. शिवाय ती मध्येच तपासून पाहिली तर बिघडते. त्यामुळे क्वांटम संगणकात चूक दुरुस्त करणे अशक्य आहे, असे अनेकांना वाटत होते.

१९९५ मध्ये पीटर शोर यांनी यातून वाट काढली. एका क्युबिटची माहिती नऊ क्युबिटमध्ये पसरवून ठेवायची आणि माहिती न वाचता फक्त बिघाड कुठे झाला एवढेच तपासायचे. पुढच्या दोन-तीन वर्षांत मर्यादेचा सिद्धांतही सिद्ध झाला. चुकीचे प्रमाण ठरावीक पातळीखाली असेल, तर क्वांटम गणित हवे तितके लांबवता येते. न्यूमन यांचा १९५२ चा निष्कर्ष वेगळ्या रूपात परत आला.

डिसेंबर २०२४ मध्ये गुगलने १०५ क्युबिटची ‘विलो’ चिप जाहीर केली. तिच्यात क्युबिटची जाळी ३ बाय ३ वरून ५ बाय ५ आणि मग ७ बाय ७ केली, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर चुकीचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. म्हणजे चिप मर्यादेच्या योग्य बाजूला उतरली. पण बिलही लक्षात घ्यायला हवे. जवळपास सगळी चिप खर्ची पडली, तेव्हा एक भरवशाचा क्युबिट मिळाला.

मग ऑप्टिमायझेशनचे काय झाले?

एवढे क्युबिट हाती नसताना आजच्या यंत्रांवरच काम काढता येईल का, या विचारातून २०१४ मध्ये ‘क्यूएओए’ ही पद्धत आली. एडवर्ड फारी आणि दोन सहकाऱ्यांनी ती मांडली. यात गणित छोटे ठेवतात. क्वांटम चिप एक उत्तर देते. साधा संगणक ते किती चांगले आहे, हे पाहून चिपची बटणे किंचित फिरवतो. असे वारंवार करत उत्तर सुधारायचे.

एक उदाहरण घेऊ. वर्गातील मुलांचे दोन गट पाडायचे आहेत. ज्यांचे पटत नाही अशा जास्तीत जास्त जोड्या वेगळ्या गटांत जायला हव्यात. २३ मुलांसाठीसुद्धा ४१ लाखांहून अधिक वाटण्या होतात. क्यूएओएची चाचणी बहुतेक वेळा याच कोड्यावर घेतली जाते.

नॉइज इथे तीन प्रकारे आड येतो.

पहिला, उत्तराची गुणवत्ता घसरते. नाणे उडवून गट पाडले, तरी सरासरी निम्म्या भांडखोर जोड्या वेगळ्या होतातच. नॉइज वाढत गेला की क्वांटम चिपचे उत्तर हळूहळू या निम्म्याकडे सरकते. म्हणजे कोट्यवधींचे यंत्र नाणेफेकीच्या रांगेत येऊन बसते.

दुसरा, वाट हरवते. बटण कुठल्या बाजूला फिरवायचे, हे उतार पाहून ठरते. अमावास्येच्या रात्री घाटात पायाने उतार चाचपत दरीकडे जाणाऱ्या माणसासारखी ही रीत आहे. नॉइज सगळा डोंगरच सपाट करतो. क्युबिट वाढतील तशी गणिताची लांबी वाढवली, तर नॉइजमुळे उतार घातांकी वेगाने नाहीसा होतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. शास्त्रज्ञ याला ‘ओसाड पठार’ म्हणतात.

तिसरा, वेळ खर्ची पडतो. उतार दहापट कमी झाला, तर तो तितक्याच खात्रीने ओळखायला शंभरपट मोजमापे घ्यावी लागतात. ज्या वेगासाठी क्वांटम संगणक हवा, तोच यात जातो.

गुगलने ५३ क्युबिटच्या ‘सायकमोर’ चिपवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे दिसले. प्रश्नातील जोड्या चिपवरील क्युबिटच्या जाळीशी जुळणाऱ्या होत्या, तेव्हा २३ क्युबिटपर्यंत उत्तराची गुणवत्ता टिकली. जुळत नव्हत्या, तेव्हा दूरचे क्युबिट जवळ आणायला जादा क्रिया लागल्या, नॉइज साचला आणि प्रश्न मोठा होईल तशी गुणवत्ता घसरली. खऱ्या जगातील प्रश्न चिपची जाळी पाहून येत नाहीत.

या लढतीत न्यूमन दोन्ही बाजूंना कसे?

२०२१ मध्येच डॅनिएल स्टिल्क फ्रान्सा आणि राउल गार्सिया-पॅट्रोन यांनी ही मर्यादा नेमकी मोजली. नॉइजमुळे प्रत्येक टप्प्यावर एंट्रॉपी वाढते. ती किती वाढली यावरून, साधा संगणक माँटे कार्लोच्या धाटणीच्या पद्धतींनी तितकेच चांगले उत्तर सहज काढू शकेल का, हे ठरवता येते. त्यांचा निष्कर्ष आशादायक नव्हता. नॉइज कित्येक पटींनी कमी झाल्याशिवाय किंवा प्रश्न चिपच्या रचनेशी जुळल्याशिवाय अशा ऑप्टिमायझेशनमध्ये क्वांटमला मोठी आघाडी मिळणे अवघड आहे.

या तुलनेत न्यूमन दोन्हीकडे आहेत. क्वांटम यंत्राचे आयुष्य त्यांच्या एंट्रॉपीने मोजले जाते आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या साध्या संगणकाची रचना व पद्धतीची मुळेही त्यांच्याच कामात आहेत.

यावर तात्पुरते उपाय आहेत. एका पद्धतीत नॉइज मुद्दाम वाढवून उत्तर कसे बदलते ते पाहतात आणि त्यावरून नॉइज शून्य असता तर काय आले असते, याचा अंदाज बांधतात. छोट्या गणितात हे चालते. गणित लांबले की मोजमापांचा खर्च हाताबाहेर जातो.

भारतात काय स्थिती आहे?

मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) १९५०च्या दशकात बांधलेले संगणकाचे चाचणी यंत्र न्यूमन यांच्या प्रिन्स्टनमधील यंत्राच्याच घराण्यातले होते. त्यानंतर १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ सुरू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये याच संस्थेने आणि डीआरडीओच्या पुण्यातील क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळेने ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. केंद्राच्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत २०३१ पर्यंत ५० ते १,००० क्युबिटचे संगणक तयार करण्याचे लक्ष्य आहे.

क्वांटमची बातमी वाचताना काय पाहावे?

क्युबिटचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. न्यूमन यांच्या हिशेबाने तीन प्रश्न विचारायला हवेत.

• एका क्रियेत चुकीचे प्रमाण किती आणि ते मर्यादेच्या खाली आहे का?

• एकही भरवशाचा क्युबिट तयार झाला आहे का? झाला असल्यास त्यासाठी किती साधे क्युबिट लागले?

• उत्तराची तुलना कशाशी केली? नाणेफेकीशी, की साध्या संगणकाच्या सर्वोत्तम पद्धतीशी?

या तिन्हींची उत्तरे बातमीत असतील, तर आकडा मोठा असो वा छोटा, प्रगती खरी आहे.